तेराव्या प्रकरणानंतर

४ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

फोनवर तुला माझं निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तू मुद्दाम ऐकत नाहीस, म्हणून सरळ कागद घेतला. वाकून नमस्कार यातच धर.

बातमी अशी की बाबांच्या कादंबरीला यंदा चाळीस वर्षं होतायत. प्रकाशक नवी आवृत्ती काढतायत, आणि तिच्या जोडीला एक वेगळं पुस्तक: चाळीस वर्षांत या कादंबरीवर जे जे छापून आलं, ते सगळं एकत्र. ते काम माझ्याकडे आलंय. बाबा असते तर म्हणाले असते, "झोडपलंय तेवढंच छाप, कौतुक कोण वाचतं?"

सध्या घरभर कात्रणं पसरलीत. एकाने लिहिलंय, "वाचताना अंगाला वाफ लागते." दुसऱ्याच्या मते एवढं दुःख एकाच पुस्तकात भरणं हा वाचकावर अन्याय आहे. एका बाईंची तक्रार आहे की तीनशे पानांत कुठे एक बाग नाही! धुलाई कारखान्याच्या कादंबरीत बाग हवी होती त्यांना.

पण एक परीक्षण मला फार लागलं. टीकाकार त्या वेळचे मोठे. सगळं पुस्तक उचलून धरतात आणि तेराव्या प्रकरणाशी येऊन नेमका पाय ओढतात. त्यांच्या मते, नायिका कामावरच्या जोडीदारणीविरुद्धच्या खोट्या जबानीवर सही करायला नकार देते, ते पटत नाही. मी प्रस्तावनेत त्यांना सडेतोड उत्तर देणार आहे. ती नायिका म्हणजे तूच, म्हणून त्यासाठी तू हवीस. त्या दिवसाची हकीकत तुझ्या शब्दांत लिहून पाठव. आणि कारखान्यातल्या बायकांना पुस्तक कसं वाटलं, तेही. ते कुठल्याच कात्रणात नाही.

तुझी,
भाची


११ फेब्रुवारी

भाचीबाई,

आशीर्वाद. पत्र पोचलं. शेजारणीने वाचून दाखवते म्हणून हात पुढे केला, मी दिलं नाही. कान गेलेत, डोळे नाही.

बायकांनी काय म्हटलं ते ऐक. दादाने कारखान्यात एकच प्रत दिली होती. जेवणाच्या सुट्टीत एक वाचायची, बाकीच्या ऐकायच्या. चादरी निवडणारी म्हणाली, "वाफेचं लिहिलंय, पण वासाचं काही नाही. हॉस्पिटलच्या चादरींचं गाठोडं सोडलं की काय वास येतो, ते तुझ्या भावाला माहीत नाही का?" दादा होता बॉयलरवर, त्याच्या नाकात नुसता धूर. दोनच वर्षं होता, पुढे छातीने दगा दिला आणि घरी बसला, म्हणून तर लिहायला लागला. दुसरी म्हणाली, "आपण एवढ्या रडतो कुठे? हसतो त्याचं काय?" खरंच होतं. आम्ही फार हसायचो. मशीनच्या आवाजात ऐकू काही यायचं नाही, मग तोंडाच्या हालचालीवरून एकमेकींच्या चहाड्या ओळखायच्या. मुकादमाला वाटायचं बायका मुकाट काम करतायत.

आणि एक होती शिट्टी. दोन बोटं तोंडात घालून अशी शिट्टी मारायची की इस्त्रीचा रूळ चालू असतानाही सगळ्या माना वळायच्या. तीच माझी जोडीदारीण. ती ताडमाड, मी बुटकी. आमची चादर नेहमी तिरकी जायची. दादाच्या पुस्तकात तिची शिट्टी नाही, हेही बायकांनी ध्यानात आणून दिलं होतं.

बागेचं म्हणशील तर त्या बाईंना सांग, मागच्या भिंतीतून एक पिंपळ उगवला होता, तो दरवर्षी तोडायचे.

त्या टीकाकाराला कशाला उत्तर देतेस? चाळीस वर्षांपूर्वीचं भांडण. त्याचं मत, त्याच्यापाशी. तू जेवणखाण नीट कर, कात्रणांत बसून राहू नकोस.

आत्या


२० फेब्रुवारी

प्रिय आत्या,

बायकांचं परीक्षण इतकं आवडलं की ते मी तसंच्या तसं पुस्तकात घेणार. पण मुख्य गोष्टीला तू हात लावलाच नाहीस! पानभर चादरी आणि पिंपळ, आणि त्या दिवसाबद्दल एक ओळ नाही. तुझा हा स्वभाव मला ठाऊक आहे. आपण काही मोठं केलं असं कोणी म्हटलं की तू उठून चहा टाकायला जातेस.

तो माणूस काय लिहितो ते बघ तरी. "बारा प्रकरणं लेखक आपल्याला दमलेल्या, भेदरलेल्या बायका दाखवतो, आणि आपण त्याच्यावर पूर्ण विश्वास ठेवतो. तेराव्यात त्यांतलीच एक अचानक मान ताठ करून उभी राहते. हा ताठपणा आला कुठून? इथे लेखकाने तिच्याकडे प्रेमाने पाहिलं आहे, खरेपणाने नाही." म्हणजे गरीब बाईला धीट असण्याचाही अधिकार नाही! या गृहस्थांनी आयुष्यात धुलाई कारखान्याचं दार तरी पाहिलं होतं का?

मी लिहिणार आहे की ती बाई खरी आहे, माझी आत्या आहे, हयात आहे. एकच कोडं सुटत नाही. पुस्तकात तिला कामावरून काढतात. तू तर निवृत्त होईपर्यंत तिथेच होतीस. तुला परत कसं घेतलं? बायकांनी काम बंद पाडलं होतं का? तेवढं कळव.

भाची


२५ फेब्रुवारी

भाचीबाई,

ते लिहू नकोस. माझं नाव नको, आत्या नको, हयात आहे हेही नको.

तब्येत बरी आहे. शेजारीण गावाला गेलीय, तिच्या मांजराला मी दूध घालते.

आत्या


१६ मार्च

प्रिय आत्या,

तुझं चार ओळींचं पत्र वाचून मी रागावले होते, खरं सांगते. मग ठरवलं, तू सांगत नाहीस तर दुसऱ्या बाजूला विचारू. ते टीकाकार अजून आहेत. एक्याऐंशी वर्षांचे. मी पत्ता काढून गेले.

डोक्यात मी भांडणाची सगळी तयारी करून गेले होते. दार त्यांनीच उघडलं. स्वेटरची बटणं चुकलेली, चष्म्याला दोरी. मी कोण ते सांगितलं तर म्हणाले, "फार उशिरा आलात. या." खोलीत पुस्तकांपेक्षा औषधं जास्त होती.

मी विचारलं, "सर, तुम्ही कधी कारखाना पाहिला होता का?"

ते म्हणाले, "माझी आई सूतगिरणीत होती. वीस वर्षं. तिने तीनदा सही केली होती, तीन वेगवेगळ्या बायकांविरुद्ध. घरी आली की त्या दिवशी ती आमच्याशी बोलायची नाही. म्हणून मला ते प्रकरण खटकलं."

आत्या, पाठ केलेलं भांडण मी तिथेच सोडून दिलं.

मग ते उठले, कपाटातून एक पाकीट काढलं. त्यात एक पोस्टकार्ड होतं. अक्षर बाबांचं. परीक्षण छापून आल्यावर आठ दिवसांनी लिहिलेलं. मी तिथे बसून उतरवून घेतलं:

"आपलं म्हणणं बरोबर आहे. ते प्रकरण मी वाचकांसाठी लिहिलेलं नाही. एका माणसाला रोज सकाळी त्याच दारातून आत जावं लागतं, त्या माणसासाठी लिहिलं. कादंबरी तिथे कच्ची राहिली हे मला कळतं. पुढच्या आवृत्तीतही ती कच्चीच राहील. कृपया यावर पुन्हा लिहू नये."

"आणि मी लिहिलं नाही," ते म्हणाले. "लोक म्हणाले टीकाकार घाबरला. म्हणू दिलं. कार्ड छापायचं असेल तर त्या माणसाला विचारा आधी. मला नका विचारू."

घरी आल्यापासून मी ते उतरवलेलं दहादा वाचलं. आता मी तुला काही विचारत नाही. तुला सांगावंसं वाटलं तर सांग, नाही वाटलं तर मांजराची खुशाली कळव.

तुझी,
भाची


२ एप्रिल

भाचीबाई,

पंधरा दिवस पत्र उशाशी ठेवलं होतं. आज बसले.

ती चादर हॉस्पिटलची होती. दोन कोपरे ती धरायची, दोन मी, ताणून गरम रुळात सोडायची. रुळासमोर बोटं जाऊ नयेत म्हणून लोखंडी जाळी असते. जाळीत चादर अडकून वेळ जातो म्हणून मुकादमाने दोन आठवडे आधी ती काढून ठेवली होती. आम्ही सगळ्यांनी पाहिलं होतं. शिट्टीच्या बाजूचा कोपरा दुमडला, तो सरळ करायला तिने हात पुढे घातला आणि हात आत गेला. ती ओरडली ते मला दिसलं, ऐकू आलं नाही. आणि मी माझी बाजू सोडली नाही ग. हातांना सवय. चादर ताणून धरूनच उभी होते.

तिची उजव्या हाताची चार बोटं गेली.

पाचव्या दिवशी ऑफिसात एकेकीला बोलावलं. कागदावर लिहिलं होतं की जाळी तिने स्वतःच काढली. आम्ही अकराजणी, मी शेवटची. मुकादम म्हणाला, "दहा सह्या झाल्यात. तुझी झाली काय, न झाली काय." मी कागद दोनदा वाचला. दादा घरी खोकत होता, तू पाच वर्षांची होतीस. पण ते कारण सांगून मी सुटणार नाही. त्या दहाजणींच्याही घरी कोणी ना कोणी होतंच. मला भीती वाटली आणि मी सही केली. बाहेर येऊन पुन्हा रुळावर उभी राहिले. नवी जोडीदारीण माझ्याच उंचीची दिली होती. चादर सरळ जायला लागली.

दादाला त्याच संध्याकाळी सांगितलं. दोन वर्षांनी त्याने मला तेरावं प्रकरण वाचून दाखवलं. मी म्हटलं, "ही मी नाही." तो म्हणाला, "नाहीच. ती पुस्तकातली आहे." मी म्हटलं, "मग तिला माझी उंची कशाला दिलीस?" तर म्हणाला, "तुला नको असेल तर आत्ता फाडतो." आणि मी म्हटलं, "राहू दे."

ते "राहू दे" मला सहीपेक्षा जड गेलं. पुस्तक गाजलं. लोक घरी यायचे, कॉलेजातल्या पोरी यायच्या, "याच का त्या?" म्हणायच्या. पहिल्यांदा मी आत निघून गेले. दुसऱ्यांदा गप्प बसले. तिसऱ्यांदा मान हलवली. मग सवय झाली. तू लहानपणी मैत्रिणींना सांगायचीस, "माझ्या आत्याने सही केली नाही," तेव्हा मी शेजारीच बसून शेंगा सोलत असायचे.

त्या टीकाकाराचं कात्रण माझ्याकडे आहे. पेपर आला त्याच दिवशी कापून ठेवलं. त्या माणसाला मी कधी भेटले नाही, पण सगळ्या जगात त्याला एकट्यालाच मी कळले होते. म्हणून म्हटलं, त्याला उत्तर देऊ नकोस.

आता तुला जे लिहायचं ते लिही. मी अडवणार नाही. पण छापायच्या आधी मला एका ठिकाणी जाऊन यायचंय. शिट्टी कुठे राहते ते मला माहीत आहे. बसने अडीच तास. चाळीस वर्षं माहीत आहे.

आत्या


९ एप्रिल

प्रिय आत्या,

पत्र वाचून तुझ्याकडे यायला निघाले होते, मग थांबले. तू आधी जाऊन ये.

मी तुला धीर देणार नाही, तो मागायला तू लिहिलं नाहीस. एवढंच सांगते की ज्या आत्यावर मी लहानपणी मिरवायचे ती पुस्तकातली होती, आणि जिने मला वेणी घालून, बूट बांधून शाळेत सोडलं ती तू होतीस. मला दुसरी जास्त ओळखीची आहे.

प्रस्तावनेची सात पानं बाजूला ठेवलीत. त्यांत मी फार शहाणपणा केला होता. त्या सरांचं परीक्षण पुस्तकात सगळ्यात पहिलं घेते, माझ्या एकाही शेऱ्याशिवाय.

बसमध्ये पुढची सीट घे. आणि त्यांनी दार लावून घेतलं तर लगेच परत फिरू नकोस, पाणी पिऊन, जरा बसून मग नीघ.

भाची


८ मे

भाचीबाई,

जाऊन आले.

दार तिनेच उघडलं. केस पांढरेफेक, कणा अजून ताठ. माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "बुटके, आणखी आखडलीस की ग." मी वाटभर जे पाठ करत गेले होते ते सगळं विसरले. नुसतीच म्हणाले, "मी सही केली होती."

ती म्हणाली, "माहीत आहे. कागद मला दाखवला होता. अकरावी सही तुझी, अक्षर इतकं वाकडं की आधी वाटलं पोराने गिरगटलंय. आत ये, दार उघडं राहिलं की माशा येतात."

बसलो. मी म्हटलं, "मला माफ कर." तर ती म्हणाली, "माफी वगैरे मी घरात ठेवत नाही. चहा आहे." डाव्या हाताने सगळं करते. उजवा मुठीसारखा, त्यावर कप टेकवते. मी मदतीला उठले तर असं बघितलं की खाली बसले.

मग बोलली. "सहीचा राग मला महिनाभर होता. मी तुझ्या जागी असते तर काय केलं असतं, ते मला आजही छातीठोकपणे सांगता येत नाही. पण सहा आठवडे मी दवाखान्यात होते. रोज भेटायच्या वेळेला दाराकडे बघायचे. तिथल्या चादरीसुद्धा तुमच्याकडूनच धुऊन यायच्या. चादर आली, तू आली नाहीस."

मी रडले. ती नाही रडली. तिने मला रडू दिलं.

मग मी विचारलं, "दादाचं पुस्तक वाचलंस?" म्हणाली, "दोनदा. तुझ्या भावावर मला तुझ्यापेक्षा जास्त राग आहे." मला वाटलं, मला धीट दाखवलं म्हणून. तर नाही. म्हणाली, "तुला कसंही दाखवू दे. माझं काय? तेराव्या प्रकरणात माझा हात जातो, मला उचलून बाहेर नेतात, आणि नंतर मी पुस्तकात नाहीच. पुढची दीडशे पानं तू सही केली नाहीस, तू उपाशी राहिलीस, तू मोर्चात गेलीस. मी मेले की जगले, ते तुझ्या भावाने लिहिलं नाही. मी मेलेली नव्हते, बुटके."

भाचीबाई, चाळीस वर्षांत मी ते पुस्तक कितीदा वाचलं असेन. मी प्रत्येक वेळी माझंच पान शोधलं. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. तुझ्या कात्रणांत बघ, कोणी लिहिलंय का?

निघताना मी तिला तुझ्या पुस्तकाचं सांगितलं. पोस्टकार्ड छाप, मी सही केली होती तेही छाप, माझी हरकत नाही हेही तिच्यासमोरच ठरवलं. ती म्हणाली, "परीक्षणं छापतेय ना? मग माझंही एक घ्यायला सांग. एक शब्द बदलायचा नाही." मी तिला तुझा पत्ता दिलाय.

पुढच्या महिन्यात ती माझ्याकडे येते म्हणाली. येईल की नाही माहीत नाही. गादी उन्हात घातलीय.

आत्या


३० मे

कादंबरीकाराच्या मुलीस,

तुझी आत्या म्हणाली पत्र लिही, म्हणून लिहिते. माझं अक्षर डाव्या हाताचं आहे, पण तुला लागेल. वजनकाट्यावरच्या ड्रायव्हरांना लागायचं.

तू चौकशी केलीस का ते माहीत नाही, पण तुझ्या वडिलांच्या पुस्तकावर माझं मत असं. पुस्तक चांगलं आहे. रूळ कसा तापतो, पाय कसे सुजतात, ते बरोबर आहे. माझ्या हाताचं पान मी नीट वाचू शकत नाही, म्हणजे तेही बरोबरच असणार. तुमच्यात म्हणे एवढी वर्षं वाद चाललाय की ती सही न करणारी बाई खरी की खोटी. मोठमोठ्या लोकांनी लिहिलं. ती दुसरी बाई पुढे कुठे गेली, असं मात्र कोणी विचारलं नाही. तुझ्या वडिलांना वाटलं असेल, हात गेला म्हणजे गोष्ट संपली. म्हणून बाकीचं मी लिहिते.

हात गेल्यावर मी वर्षभर घरात बसले आणि सगळ्यांना शिव्या दिल्या. मग डाव्या हाताने लिहायला शिकले, वहीच्या वहीभर. मालट्रकच्या वजनकाट्यावर जागा निघाली. साहेब म्हणाले, एका हाताने जमेल का? मी म्हटलं, वजन काटा करतो, मला फक्त वाचायचंय. सव्वीस वर्षं ते काम केलं. एक किलो इकडचा तिकडे केला नाही. ड्रायव्हर मला टरकून असायचे. त्यांतला एक वजन चुकलं म्हणून माझ्याशी तासभर भांडला, दुसऱ्या दिवशी रिकामा ट्रक घेऊन पुन्हा भांडायला आला. त्याच्याशी मी लग्न केलं. चांगला होता. गाताना सूर लागायचा नाही, तरी गायचा. एक मुलगी झाली, ती आता शाळेत गणित शिकवते.

दुःख नव्हतं असं नाही. थंडीत नसलेली बोटं अजून दुखतात. पण तुझ्या वडिलांनी मला जिथे सोडलं, तिथे मी पाच मिनिटंसुद्धा थांबले नव्हते.

हे छाप. नव्या आवृत्तीत तेराव्या प्रकरणाला हात लावू नकोस, तुझ्या आत्याला ते कधीतरी हवं वाटलं असेल. माझं हे शेवटी घे. आणि खाली माझ्या नावापुढे 'अपघातग्रस्त' असं काही लिहू नकोस. वजनकाटा कारकून, निवृत्त, असं लिही.